पुतण्याचीं तीन यंत्रें

सायकल हें वाहन मीं बत्तीस वर्षें वापरलें. घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून मंडईपर्यंत एवढीच तिची यात्रा असे. कॅरियरला सहामाहीच्या उत्तरपत्रिका आणि हँडलला भाजीची पिशवी. अशा मनुष्यास कोणी सांगितलें असतें कीं, तुमच्या घरांतील एक मुलगा केवळ हौसेखातर पुण्याहून संकेश्वरास सायकलीवर जाईल, तेथें एका कार्डावर शिक्का मारून घेईल, चहा पिईल आणि लगेच पुण्याकडे परत फिरेल, तर मीं त्या सांगणाऱ्याची नाडी पाहिली असती. आतां मी स्वतःच त्या कार्डाची चौकशी करूं लागलों आहें. हें परिवर्तन कसें झालें व त्यापायीं आमच्या घरांत काय काय घडलें, तें लिहिण्याचा विचार आहे.

हा प्रवासी म्हणजे माझा पुतण्या, थोरल्या बंधूंचा एकुलता एक मुलगा, वय छत्तीस. आमचें कुटुंब एकत्र आहे. जुना वाडा पाडून तेथें इमारत झाली तेव्हां आम्हां दोघां भावांस समोरासमोरचे दोन ब्लॉक मिळाले. दारें दिवसभर उघडीं असतात आणि स्वयंपाक एकाच ठिकाणीं होतो. त्यामुळें कोणी कोणत्या वेळीं घरीं आला व कोणता चेहरा घेऊन आला, हें सर्वांस कळतें.

त्याच्या व्यवसायाविषयीं प्रथम लिहितों, कारण आम्हां वडील माणसांस तो फार दिवस कळलाच नव्हता. मुलगा शिकला यंत्रविद्या. आणि नोकरींत त्याच्या हातीं हातोडा नाहीं कीं पाना नाहीं. हिंजवडीस एका कंपनींत बसून तो दिवसभर अक्षरें टाइप करतो. शेवटीं एकदां पावसाळ्यांत वीज गेली असतां अंधारांत त्यानें मला सर्व समजावून दिलें. निसरड्या रस्त्यावर मोटार चालविणाऱ्यानें घाबरून ब्रेक जोरानें दाबला म्हणजे चाक फिरायचें थांबतें व गाडी मात्र घसरत पुढें जाते. फिरत नसलेलें पुढचें चाक गाडीला वळवूं शकत नाहीं, म्हणून स्टिअरिंग कितीही फिरविलें तरी ती सरळ जाऊन आदळते. याकरितां प्रत्येक चाकापाशीं त्याचा वेग मोजणारें एक साधन बसवितात. एक लहानशी संगणक-पेटी या चारी वेगांची एका सेकंदांत अनेक वेळां तुलना करते. आणि एखादें चाक इतरांच्या मानानें एकाएकीं मंदावलेलें दिसलें, कीं त्या चाकाच्या ब्रेकवरील दाब क्षणभर सैल करते, पुन्हां दाबते, पुन्हां सैल करते. हें केव्हां आणि किती करावयाचें याचे नियम लिहिणें, हा आमच्या पुतण्याचा धंदा.

नियम हा शब्द ऐकतांच माझे कान टवकारले. दोन नियम एकाच वेळीं लागूं पाहात असतील तर कोणता बलवान समजावयाचा, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "काका, सगळी डोकेदुखी तीच आहे." मग त्या अंधारांत मीं त्याला अष्टाध्यायीची रचना सांगितली: सुमारें चार हजार सूत्रें, बरोबरीच्या दोन सूत्रांचा विरोध आला तर नंतरचें सूत्र प्रबळ, आणि शेवटल्या तीन पादांत जें कार्य होतें तें आधींच्या सूत्रांच्या दृष्टीनें झालेंच नाहीं असें धरून चालावयाचें. तो बराच वेळ गप्प बसला. नंतर त्यानेंच शोधून मला दाखविलें कीं, संगणकाच्या भाषांचें व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकस या शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखली जाते, तिला पाणिनीचेंही नांव जोडावें अशी सूचना इंगरमन नामक गृहस्थांनीं १९६७ सालीं केली होती. त्या दिवसापासून मीं त्याच्या नोकरीस नांवें ठेवण्याचें सोडलें.

परंतु या कामाचा एक दोष आहे. तें कचेरींत राहात नाहीं. एक ओळ बदलली कीं तिची परीक्षा आठ-आठ दिवस चालते, आणि तेवढे दिवस ती ओळ त्याच्याबरोबर जेवावयास बसते. वहिनी वाढीत असतां भात हवा कीं पोळी हें दोनदां विचारावें लागे. जें डोळ्यांस दिसत नाहीं व हातास लागत नाहीं अशा वस्तूवर दिवसभर काम केल्यानंतर मनुष्याच्या हातांना कांहीं तरी जड, तेलकट, मोजतां येण्याजोगें हवें असतें, असें त्याचें म्हणणें. मला तें पटतें. मीं स्वतः रूपें घोकून घेण्याच्या नोकरींत गुलाबाचीं कलमें बांधून डोकें ठिकाणावर ठेविलें होतें.

त्याचें पहिलें वेड घड्याळांचें. आमच्या आजोबांनीं घेतलेलें लंबकाचें घड्याळ वीस वर्षें मुक्यानें भिंतीवर होतें. त्यानें तें उतरवून जेवणाच्या टेबलावर खोललें. कमान निघाली, दांतेरी चाकें घासलेटांत पडलीं, आणि घरच्या बायकांनीं आठ दिवस जमिनीवर पानें मांडून जेवणें उरकलीं. नवव्या दिवशीं टोले पडले. पुढें चैत्रांत तें रोज कांहीं सेकंद मागें पडूं लागलें. तेव्हां त्यानें नातीला व मला एकदमच धडा दिला. उष्णतेनें लंबकाची दांडी लांबते, आणि लंबक लांबला म्हणजे त्याचा झोका सावकाश होतो. दांडी पोलादी असेल तर उष्णता एक अंशानें वाढल्यास घड्याळ दिवसाकाठीं सुमारें अर्धा सेकंद मागें पडतें. खालचें मळसूत्र किंचित् फिरवून गोळा वर घेतला कीं चाल पुन्हां पूर्ववत् होते. सहा वर्षांची मुलगी हें ऐकून दर रविवारीं उष्णतामापक पाहूं लागली. आतां शेजारपाजारचीं घड्याळें आमच्याकडे येतात, आणि घरांत एके वेळीं चार निरनिराळ्या घड्याळांत बारा वाजतात.

दुसरें वेड सायकलीचें, आणि तें या लेखाचें खरें कारण. लांब पल्ल्याच्या या सायकल-फेऱ्यांस ब्रेव्हे म्हणतात; शब्द फ्रेंच आहे. १८९७ सालीं इटलींतील कांहीं सायकलस्वार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत रोमहून नेपल्सपर्यंत, म्हणजे सुमारें २३० किलोमीटर गेले. त्या धाडसास लॅटिन भाषेंतील साहसवाचक 'ऑडॅक्स' हें नांव मिळालें. १९०४ पासून पॅरिसचा ऑडॅक्स क्लब हा संप्रदाय चालवीत आला आहे, आणि आपल्याकडे 'ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स' ही संस्था त्याच नियमांनीं फेऱ्या भरविते. २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. वाटेंत ठराविक ठाणीं असतात. प्रत्येक ठाण्यावर ठराविक वेळेच्या आंत पोंचल्याची नोंद व्हावी लागते. रात्रीं दिवे आणि चमकणारें जाकीट सक्तीचें. ठाण्याव्यतिरिक्त वाटेंत कोणाचें साहाय्य घ्यावयाचें नाहीं. पंक्चर आपलें आपण काढावयाचें. यांत मला आवडलेली गोष्ट ही कीं, ही शर्यत नाहीं. मुदतींत पोंचलेले सारे सारखे. पहिला-दुसरा कोणी नाहीं. परीक्षेच्या निकालांत नंबर लावण्याची चाल काढून टाकावी, असें मी शाळेंत तीस वर्षें सांगत होतों, तें कोणी ऐकलें नाहीं. येथें सायकलवाल्यांनीं तें करून दाखविलें आहे.

या चारही फेऱ्या एका वर्षांत पुऱ्या करणारास पुढें पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत जाऊन परत येण्याच्या १२०० किलोमीटरांच्या महायात्रेंत भाग घेतां येतो. ती चार वर्षांनीं एकदां भरते व तिची मुदत ९० तासांची असते. १८९१ सालीं ती प्रथम झाली तेव्हां शर्यत होती. शार्ल तेराँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें ७२ तासांच्या आंत, वाटेंत न झोपतां, ती जिंकली. त्याचें चित्र आमच्या पुतण्यानें आपल्या टेबलाजवळ लावलें होतें. न झोपतां जिंकलेल्या मनुष्याचें चित्र तरुण बापाच्या टेबलाजवळ असूं नये, असें माझें मत तेव्हांही होतें; पण मीं तें बोलून दाखविलें नाहीं, याची मला रुखरुख आहे.

त्याची सायकल तो स्वतःच जोडतो. बाजारांतून रिम, हब आणि ३२ स्पोक आणावयाचे, चाक भरावयाचें, आणि मग तास तास बसून त्याचा आऊट काढावयाचा. मला वाटे, चाकाच्या वरच्या स्पोकांना आपलें वजन टांगलेलें असतें. त्यानें जोब्स्ट ब्रँट या इंजिनियराचें १९८१ सालचें सायकलच्या चाकावरील पुस्तक काढून दाखविलें. हे ब्रँट (१९३५ ते २०१५) नोकरी संभाळून दरवर्षीं आल्प्स पर्वतांतून सायकलीनें हिंडत. त्यांचें प्रतिपादन असें: चाक भरतांनाच प्रत्येक स्पोक ताणलेला असतो, वजन पडल्यावर जमिनीजवळच्या थोड्या स्पोकांचा ताण कमी होतो व बाकीच्यांत फारसा फरक पडत नाहीं. म्हणजे वजन पेलतात ते खालचेच. आणि प्रत्येक फेऱ्यागणिक हा ताण सुटून पुन्हां बसत असल्यामुळें स्पोक शेवटीं थकून तुटतो, केवळ भारानें नव्हे. हें वाक्य पुढें मला निराळ्याच प्रसंगीं आठवलें.

आणखी एका अमेरिकन इंजिनियराची हकीकत त्यानें सांगितली. स्टीव्हन रॉबर्ट्स यांनीं १९८३ सालीं ओहायो प्रांतांतील आपलें घर सोडलें, आडवें रेलून चालविण्याच्या सायकलीवर एक लहान संगणक बांधला, आणि टेलिफोनच्या तारेनें लेख व काम पाठवीत सुमारें दहा हजार मैल प्रवास केला. पुढच्या सायकलीवर तर त्यांनीं हँडलमध्येंच अक्षरांच्या कळा बसविल्या होत्या. काम, सायकल आणि छंद यांचा मेळ त्यांनीं घातला खरा; पण तो घर वजा करून. आमच्या येथें घर वजा होत नाहीं, आणि तें तसें व्हावें असें पुतण्याच्याही मनांत नव्हतें. मात्र घराचा आंकडा त्यानें हिशेबांत कोठें मांडलाच नव्हता.

गेल्या पौषांत चारशे किलोमीटरांची फेरी होती. तो शनिवारीं पहाटे निघाला. रविवारीं पहाटे चारच्या सुमारास शिरवळजवळ त्याचे डोळे मिटले. किती क्षण मिटले, हें त्याला सांगतां येत नाहीं. सायकल रस्ता सोडून खडींत गेली, तो खांद्यावर पडला, आणि गळ्याखालचें हाड मोडलें. मागून येणाऱ्या दुसऱ्या सायकलस्वारानें त्यास उठवून दवाखान्यांत नेलें. मागून ट्रक येत नव्हता, हें केवळ दैव. पहाटे चार-पांचच्या सुमारास शरीराचें तपमान सर्वांत खालीं गेलेलें असतें व झोपेची ओढ अनावर होते. ज्या वेळेला आपण ब्राह्ममुहूर्त म्हणून गौरवितों, तीच जागरण केलेल्या मनुष्याची घातवेळ.

तिसऱ्या दिवशीं घरांत बैठक बसली. थोरल्या बंधूंनीं निकाल आधींच लावला होता: सायकल विकावी. वहिनी बोलत नव्हत्या. त्या देवघराच्या दाराशीं बसून होत्या. मी गीतेच्या सहाव्या अध्यायाचा आधार काढण्याच्या बेतांत होतों, इतक्यांत सूनबाई म्हणाली, "बाबा, सायकल विकूं नका. आधीं ही वही पाहा."

सूनबाई हिशेब-तपासनिसाचें काम करते. दिवाळीपासून तिनें एका वहींत नवऱ्याच्या आठवड्याचे १६८ तास मांडून ठेविले होते. तक्रारीचा एक शब्दही त्यांत नव्हता. झोप ४५, कचेरीचें काम ५०, जाणें-येणें १०, सायकल १४, घड्याळें ७, स्नान, जेवण वगैरे २१, हातांतल्या फोनवर सायकलीसंबंधीं वाचन व गप्पा १२. बेरीज १५९. बाकी ९, आणि त्यांत मुलीचे ४. पलीकडच्या पानावर तिनें स्वतःचे तास लिहिले होते. त्यांत नोकरी होती, मुलीचा अभ्यास होता, स्वयंपाकघर होतें, आम्हां चौघां म्हाताऱ्यांचीं औषधें व डॉक्टरांच्या वेळा होत्या. शेवटच्या ओळींत 'गाणें' असा शब्द होता आणि पुढें शून्य.

ही मुलगी लग्नापूर्वीं आठ वर्षें गाणें शिकली होती. आमच्या घरीं ती आली त्या वर्षीं कोजागिरीस गायिली, तेव्हां मीं स्वतः तिची पाठ थोपटली होती. त्यानंतर तिचा तंबोरा माळ्यावर केव्हां गेला, हें आम्हां कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं. दारें दिवसभर उघडीं असूनही. पुतण्यानें वही खालीं ठेविली. त्याचा उजवा हात गळ्यांत बांधलेला होता. डाव्या हातानें तो तीं दोन पानें पुन्हां पुन्हां उलटीत राहिला. बंधूही विक्रीची गोष्ट विसरले. मला मात्र त्या थकून तुटणाऱ्या स्पोकाची आठवण झाली. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, आमच्या सौभाग्यवतीनें ती वही पाहावयास म्हणून मागून नेली आणि दोन दिवस परत केली नाहीं.

पुढें जें झालें तें एका दिवसांत झालें नाहीं. हाड सांधण्यास दोन महिने लागले; त्या काळांत माळ्यावरचा तंबोरा खालीं आला व त्याच्या तारा बदलल्या गेल्या. नंतर त्यानें मोटारीनें कचेरीस जाणें तीन दिवस बंद केलें. हिंजवडी आमच्यापासून वीसेक किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दींत मोटारीस सव्वा तासाहून अधिक लागतो, सायकलीस त्याहून कमी. म्हणजे सायकलीचे तास आणि जाण्या-येण्याचे तास एकमेकांत मिसळले, आणि आठवड्याचा सराव घराच्या वांट्यास न लागतां होऊं लागला. घड्याळाच्या कामाला मुलगी शेजारीं असल्याशिवाय बसावयाचें नाहीं, असें ठरलें. त्यामुळें घड्याळें दुरुस्त होण्यास दुप्पट वेळ लागतो व एक स्क्रू हमखास हरवतो. फोनवरच्या बारा तासांवर मात्र पुरता विजय मिळालेला नाहीं. रविवार सकाळ सूनबाईची: सात ते दहा ती गाते, आणि स्वयंपाकघर पुतण्याकडे. त्याचे पहिले पोहे आम्हीं मोठ्या निग्रहानें खाल्ले. आतां बरे होतात.

आणि एक करार झाला: रात्रभराच्या फेरींत झोप घेतली नसेल व डोळे दोनदां मिटले, तर तेथेंच उतरावयाचें; मुदत असो वा नसो. हा करार त्यानें आपल्या ब्रेकच्या नियमांसारखा लिहून काढला व तेराँच्या चित्राच्या जागीं लावला.

भाद्रपदाच्या अखेरीस सहाशेची फेरी आली. वहिनींनीं रात्रीं दुधांत पीठ मळून दशम्या केल्या. प्रवासांत टिकणारें असें हें अन्न आपल्या आज्या-पणज्यांनीं बैलगाडीसाठीं शोधून ठेविलें आहे, तें सायकलीसही चालतें. एका किलोमीटरास वीस-पंचवीस उष्मांक धरले तर अशा फेरींत मनुष्याचें पांच-सहा दिवसांचें अन्न खर्चीं पडतें. शनिवारीं सकाळीं सहास तो निघाला, आणि मी पूर्वीं कधीं केलें नाहीं तें केलें: नकाशा काढून बसलों. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, असे त्याचे निरोप येत गेले. रात्रीं संकेश्वराहून परतल्याचा निरोप आला. कोल्हापुरास दोन तास झोपावयाचें ठरलें होतें. पण निपाणीच्या अलीकडे पाऊस लागला, मागच्या चाकाचा स्पोक तुटला, आणि ते दोन तास भर पावसांत टॉर्च दांतांत धरून चाक दुरुस्त करण्यांत गेले.

रविवारीं सकाळीं कराडचें ठाणें बंद होण्यास दहा मिनिटें असतां तो तेथें पोंचला. मीं टाळी वाजविली. पुढें वारा समोरून, त्यांत एक पंक्चर; साताऱ्यास आला तेव्हां तीन वाजले होते. ४९० किलोमीटर झाले होते. पुण्यास ११० किलोमीटर, हातांत सात तास, मध्यें खंबाटकीचा घाट. न थांबतां आला असता तर पोंचला असता. दोन तास झोपला तर पोंचणें अशक्य. आणि साताऱ्याच्या अलीकडे त्याचे डोळे दोनदां मिटले होते.

त्याचा फोन मीं घेतला. "काका, मी साताऱ्यास उतरलों. झोपतों. सांगा तिला." एवढेंच.

वाचकांपाशीं खरें सांगतों: त्या क्षणीं मला आनंद झाला नाहीं. आमच्या पाठशाळेंतल्या मित्रमंडळींत मीं त्याच्या सहाशे किलोमीटरांची वार्ता आधींच पसरविली होती. सात तास आहेत, सपाट रस्त्यावर थोडा जोर केला तर काय होतें, असा विचार माझ्या मनांत आला. तोंडावरही आला असेल, कारण सूनबाई माझ्याकडे पाहात होती. तिनें फोन मागितला नाहीं. "झोपूं दे," एवढें म्हणून ती आंत गेली, आणि थोड्या वेळानें आंतून तंबोऱ्याचा आवाज आला. रविवारची संध्याकाळ ही तिची गाण्याची वेळ नव्हे.

रात्रीं अकरा वाजतां तो एका टेंपोंतून सायकलसह उतरला. साताऱ्यास एका देवळाच्या ओवरींत तो तीन तास गाढ झोपला होता. कार्डावरचे शेवटचे रकाने कोरे होते. थोरल्या बंधूंनीं तें कार्ड चष्मा लावून नीट पाहिलें आणि आपल्या कपाटांत, आमच्या वडिलांच्या कागदपत्रांजवळ ठेविलें. पुरें झालेल्या फेऱ्यांचीं कार्डें कोठें असतात, हें त्यांना अजून ठाऊक नाहीं.

माघांत पुन्हां सहाशेची फेरी आहे. त्यानें नांव घातलें आहे, आणि त्या रविवारीं सूनबाईच्या गुरुभगिनीकडे बैठक असल्यामुळें मुलीला संभाळण्याचें काम माझ्याकडे आलें आहे. वहिनी कालपासून विचारीत आहेत कीं, थंडींत दशम्या ज्वारीच्या कराव्या कीं बाजरीच्या. पुतण्या म्हणतो कोणत्याही चालतील, आणि बंधूंचें म्हणणें, बाजरीच्याच.